बोटभर कडा

सेमिस्टर सुरू झालं की विद्यापीठात दोन रांगा लागत. एक खोलीच्या किल्लीची, आणि दुसरी ओळखपत्रावरच्या फोटोत आपण आपल्यासारखे दिसत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्यांची. यंदा तिसरी रांग सुरू झाली होती. ती आवडीची.

विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास व्हावा असं वरच्या कुणाच्या तरी मनात आलं होतं, आणि वरच्यांच्या मनात आलं की खालच्यांना रांग लावावी लागते. नियम सोपा होता. प्रत्येकाने आपली एक आवड नोंदवायची, त्या आवडीच्या मंडळात पहिल्या तीन आठवड्यांत किमान सहा वेळा हजर राहायचं, आणि मग प्रवेश कायम. तोवर प्रवेश तात्पुरता. आवड सिद्ध झाली नाही तर सेमिस्टर बुडालं. प्रेम नसताना लग्न झाल्याची उदाहरणं प्रत्येकाच्या घरात होती, पण आवड नसताना अर्थशास्त्र शिकायची सोय आता राहिली नव्हती.

रांगेत बावीस जणांच्या मागे मौनी उभी होती. हे तिचं वसतिगृहातलं नाव. ती मुकी नव्हती, फक्त काटकसरीने बोलायची. अर्थशास्त्राचं तिसरं सेमिस्टर होतं, आणि दोन सेमिस्टरांत शिकलेलं सगळं तिने बोलण्यातच उतरवलं आहे, असं तिची रूममेट म्हणायची. रूममेटने स्वतः पहिल्याच दिवशी नृत्य, बुद्धिबळ आणि गिर्यारोहण अशा तीन आवडी नोंदवल्या होत्या. त्यातली एक तरी आवडेल, असा तिचा हिशोब होता.

आदल्या संध्याकाळी आईचा फोन येऊन गेला होता. आई दातांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट द्यायची, त्यामुळे फोनवर ती मुद्द्यावर लवकर यायची. दादाला कॉलेजात असताना सात आवडी होत्या, याची तिने आठवण करून दिली. दादा सध्या सातव्या नोकरीत होता, हे मौनीने काढलं नाही. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. ते मागून एवढंच म्हणाले, की हाताला येईल ते लिही.

तिची अडचण आवड नाही ही नव्हती. आवड होती. ती यादीत नव्हती, आणि ती कुणाला कळावी अशी तिची इच्छाही नव्हती.

ग्रंथालयाच्या तळघरात, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमागे एक खोली होती. तिथे विद्यापीठाचे बाइंडर बसत. गेल्या सेमिस्टरला मौनीच्या हातात एका पुस्तकाने प्राण सोडला होता. काउंटरवर परत करताना कणाच निखळला आणि पानं चौफेर उधळली. काउंटरवरच्या बाईंनी तिच्याकडे खुनी माणसाकडे बघावं तसं बघून, प्रेत स्वतः खाली नेऊन द्यायला सांगितलं. ती खाली गेली ती दोन तासांनी वर आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, या वेळी पुस्तक नसतानाच. मग दुपारी तीन ते पाच ती तिथेच असते हे ठरून गेलं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. बाइंडरकाकांनी फक्त एक दिवस दुसरं स्टूल आणून ठेवलं.

तिथे ती जुनी खळ ओल्या फडक्याने सैल करून कण्यावरून खरवडायला शिकली. फाटलेल्या घडीवर पातळ कागदाची पट्टी लावायला शिकली. दोऱ्याला मेण लावायचं, दाभणाने भोकं पाडायची, एकेका घडीतून टाका घेत अख्खं पुस्तक शिवायचं, मग शिकंज्यात आवळून रात्रभर ठेवायचं. काका फार शिकवत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी एकच नियम सांगितला होता. कडा कापताना अक्षराला सुरी लागली, की तो बाइंडर नाही, तो खाटीक.

आणि या खोलीच्या दारावर सुट्टीत एक कागद चिकटला होता. खोलीचा वापर समाधानकारक नसल्याने ती सेमिस्टरअखेर रिकामी करून मोडक्या खुर्च्या ठेवण्यासाठी घेण्यात येईल. काकांच्या निवृत्तीला वर्ष होतं. ते वर्ष त्यांनी वरच्या मजल्यावर पुस्तकांना नंबर चिकटवत काढावं, असंही त्यात होतं.

“मोडक्या खुर्च्यांनाही कुठंतरी बसायला पाहिजेच की,” काका म्हणाले होते, आणि त्यांनी खळ ढवळायला घेतली होती. मौनीने तो कागद तीनदा वाचला. घरी आणि वर्गात ती जिथे जिथे बसायची, तिथे तिथे ती काहीतरी व्हायची वाट बघत असायची. एवढी एकच जागा होती जिथे ती फक्त बसायची.

म्हणून रांगेत तिचा नंबर आला, तेव्हा संगणकावरच्या एक्केचाळीस आवडी ओलांडून ती सर्वांत खाली ‘इतर’वर गेली आणि तिने ‘पुस्तकबांधणी’ असं लिहिलं. वापर समाधानकारक नाही म्हणता ना, मग हा घ्या वापर. शंभर शब्दांत स्पष्टीकरण मागितलं होतं. तिने अकरा शब्द लिहिले, त्यात खोलीचा नंबरही आला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

विद्यार्थी विकास विभागाच्या मॅडमना ‘इतर’मध्ये आजवर ‘झोप’ आणि ‘माझी मर्जी’ याखेरीज काही मिळालं नव्हतं. अकरा शब्द वाचून त्यांना भरून आलं. त्यांनी मौनीला बोलावून घेतलं, हस्तकौशल्यावर वीस मिनिटं एकट्याच बोलल्या, आणि चौथ्या दिवशी सूचनाफलकावर पुस्तकबांधणी मंडळाची घोषणा झाली. नोंदणीकृत पत्ता, तळघरातली खोली. दारावरचा कागद त्याच दुपारी शिपाई येऊन काढून घेऊन गेला. मंडळ असेपर्यंत खोली मंडळाची, असं मॅडमनी लेखी दिलं.

मौनी त्या दिवशी वसतिगृहात स्वतःहून दोन वाक्यं बोलली. रूममेटने तिला ताप आहे का ते बघितलं.

मंडळाला अध्यक्ष लागतो. तो आपोआप मिळाला. विद्यापीठात एक मुलगा होता, त्याला सगळे ‘कमिटी’ म्हणत. तो कुठल्या विषयाचा विद्यार्थी आहे हे त्याच्या प्राध्यापकांनाही सांगता आलं नसतं, पण कुठलीही समिती स्थापन झाली की काखेत फाइल घेऊन तो तिच्यात सापडायचा, जशी ओलीत बुरशी सापडते. त्याने मौनीची भेट घेऊन तिला ‘संस्थापक सदस्य’ म्हटलं आणि पुस्तक कसं बांधतात हे एकदा निवांत समजून घ्यायचंय असं सांगितलं. तो निवांतपणा पुढे त्याला मिळाला नाही.

सदस्य झाले त्रेसष्ट. यात पळावं लागत नाही, गावं लागत नाही, आणि बसायला मिळतं, अशी बातमी पसरली होती. तळघरातल्या खोलीत चार माणसं मावत, तीही एक बारीक असेल तर. त्यामुळे मंडळाच्या बैठका सभागृहात भरू लागल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी तीन ते पाच.

पहिल्या बैठकीला मौनी गेली. त्रेसष्ट जणांनी आपापली ओळख करून दिली, आणि त्यातच पाच वाजले. दुसऱ्या बैठकीत मंडळाचं बोधचिन्ह सुई असावं की पुस्तक, यावर चर्चा झाली, असं तिला नंतर रूममेटने सांगितलं. रूममेटने चौथी आवड म्हणून हेही मंडळ घेतलं होतं. सुईवाले जिंकले. तिसऱ्या बैठकीत सुई उभी असावी की आडवी हे निघालं. चौथ्या बैठकीला बाहेरून एक वक्ते आले आणि त्यांनी पडद्यावर पुस्तकांची चित्रं दाखवली. पाचव्या बैठकीत त्यांच्या आभाराचं पत्र लिहिलं गेलं. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात, इथे शेळ्याही नव्हत्या, नुसते उंटच होते.

मौनी दुसऱ्या बैठकीपासून गेलीच नाही. ती ठरवून चुकवत होती असं नाही. प्रत्येक वेळी ती तीनला वर जायला निघायची, पण काकांपुढे एक जुना नकाशासंग्रह सुटा होऊन पडला होता. त्याची एकेक घडी चुरचुरीत पापडासारखी झाली होती. पट्टी लावायला घेतली की खळ वाळायच्या आत बसवावी लागे. ती टाकून वर जायचं, सुई उभी की आडवी हे ऐकायला? शिवाय तिच्या मनात एक भाबडा हिशोब होता. आवड पुस्तकबांधणीची नोंदवली आहे, आणि आपण पुस्तकं बांधतो आहोत. मग आपण गैरहजर कशा?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला एवढा कच्चा हिशोब शोभत नव्हता.

मंडळाच्या तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी दुपारी शिपाई खाली आला आणि त्याने टेबलावर एक रजिस्टर ठेवलं. मंडळाचं हजेरीपत्रक. आठ बैठकांत त्रेसष्ट जणांनी ओढाताण करून त्याचा कणा मोडला होता आणि मधली पानं बाहेर लोंबत होती. सोबत कमिटीची चिठ्ठी होती. उद्या दुपारी मॅडम तपासणी करणार आहेत, तरी रजिस्टर तातडीने बांधून मिळावं. मंडळाच्या सदस्यांना वेळ नाही, कारण ते तपासणीच्या तयारीत आहेत.

काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली आणि रजिस्टर मौनीपुढे सरकवलं.

“तुमच्या मंडळाचं आहे,” ते म्हणाले. “तुम्हीच बघा.” एरवी ते तिला अगं-तुगं करत. मंडळ निघाल्यापासून थट्टेने अहो-जाहो चालू होतं.

पानं उलगडताना तिला तिची ओळ दिसली. अनुक्रमांक एक, संस्थापक सदस्य. पहिल्या तारखेला सही, पुढच्या सात तारखांना लाल फुल्या. उजव्या पानाच्या अगदी कडेला शेऱ्याचा रकाना होता. बाकीच्यांसमोर काही नव्हतं, म्हणजे ते पात्र. तिच्यासमोर कमिटीच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘रस नाही’.

तिने ते वाचलं आणि दोऱ्याला मेण लावायला घेतलं. चार वाजेपर्यंत घड्या जुळवून शिवण झाली. कण्याला खळ, त्यावर जाळीचं कापड. नवे पुठ्ठे तिने मोजून कापून ठेवले. राहिली कडा. शिवल्यावर पानं मागेपुढे झाली होती, ती यंत्रावर सारखी करून घ्यायची. काकांनी रजिस्टर यंत्राच्या जबड्यात धरून चाक फिरवलं, पकड आवळली, आणि थांबले. ते बराच वेळ शेऱ्याच्या रकान्याकडे बघत होते.

“अगं, मॅडम काय बघतात?” त्यांनी विचारलं.

“फक्त शेरा. तारखा मोजायला त्यांना वेळ नसतो.”

“आणि शेरा नसला तर?”

“तर पात्र.”

काकांनी मान डोलावली. कडा सरळ व्हायला सुतभर घेतली तरी पुरे होती. बोटभर घेतली, तर शेऱ्याचा रकाना सरळ खाली कचऱ्याच्या टोपलीत जाणार होता. डाव्या पानांवरचे अनुक्रमांकही गेले असते, पण त्यांच्यावाचून कुणाचं काही अडणार नव्हतं. आणि रजिस्टर बांधताना कडा जातेच. कुणी विचारलं असतं तरी उत्तर तयार होतं, खरंखुरं, कामातलं.

“कडा किती घ्यायची ते बांधणाऱ्याने ठरवायचं असतं,” काका म्हणाले. “मी चहा पिऊन येतो.” आणि गेल्या आठ महिन्यांत पहिल्यांदा ते चहासाठी खोलीबाहेर गेले. चहा एरवी ते खोलीतच करायचे.

मौनी यंत्रापुढे उभी राहिली. सुरी वर होती. सेमिस्टर एका बाजूला होतं आणि बोटभर कागद दुसऱ्या बाजूला. सेमिस्टर गेलं तर विद्यार्थिनी म्हणून ओळखपत्र जाणार, ओळखपत्र गेलं की ग्रंथालयाच्या दारातूनच आत सोडणार नाहीत, मग तळघर कुठलं. आईला सांगावं लागलं असतं, आणि आईने दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं असतं, दाढ काढायला आलेल्यांनाही. तिने पकड सैल केली आणि रजिस्टर बोटभर आत सरकवलं. सुरीच्या रेषेखाली बरोबर रकान्याची रेघ आली. तिने पुन्हा आवळलं.

हँडलवर हात ठेवल्यावर तिला दिसलं, की ‘रस’चा ‘र’ तारखांच्या बाजूला रेघेबाहेर आला आहे आणि सुरी त्याच्यावरून जाते आहे. आणखी थोडं सरकवलं तर पूर्ण शेरा जाईल, पण मग पलीकडच्या तारखेच्या सह्यांचे शेंडे जातील. कुणाच्या तरी आडनावाचं शेवटचं अक्षर. ती तशीच उभी राहिली. मग तिला स्वतःचाच राग आला, कारण कमिटीचा राग यायला हवा होता तिथे तिला समासाची काळजी वाटत होती. एवढा मोठा समास खाल्लेलं रजिस्टर कसं दिसेल? उघडल्यावर अक्षरं कडेला येऊन पडल्यासारखी. ते कुणी हातात घेऊन विचारलं असतं, कुठल्या खाटकाने बांधलं हे?

तिने पकड सैल केली, रजिस्टर बाहेर ओढलं, कडेला फक्त सुतभर ठेवलं आणि हँडल खाली खेचलं. केसासारख्या बारीक पट्ट्या टोपलीत पडल्या.

काका आले तेव्हा ती पुठ्ठ्यावर कापड ओढत होती. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग पान उघडून शेरा जागेवर असल्याचं पाहिलं.

“ठेवलास?” ते म्हणाले. अहो-जाहो गेलं होतं.

“अक्षर होतं ना.”

“हं. वाईटच आहे अक्षर त्याचं.” त्यांनी रजिस्टर शिकंज्यात घातलं आणि स्वतः आवळलं. “पण अक्षर आहे खरं.” चहा त्यांनी प्यायलेला नव्हता. आता तो त्यांनी करायला ठेवला, दोन कप.

शुक्रवारी दुपारी मॅडमच्या खोलीत अपात्रांना बोलावलं होतं. अपात्र एकच होती. टेबलावर रजिस्टर होतं आणि शेजारी फाइल काखेत धरून कमिटी उभा होता. मॅडमनी रजिस्टर उचललं, बंद केलं, पुन्हा उघडलं. ते सपाट उघडून राहिलं, हात न लावता. मॅडमनी कडेवरून बोट फिरवलं, अगदी काकांसारखंच, आणि मौनीला क्षणभर त्या आवडल्या.

“काय सुंदर बांधलंय,” त्या म्हणाल्या. “कुणी?”

“मंडळानं,” कमिटी म्हणाला. एका अर्थी ते खोटं नव्हतं. मौनी अजून मंडळाची सदस्य होती, आणि आठ बैठकांत मंडळाच्या हातून झालेलं हे पहिलंच काम होतं.

मॅडम मौनीकडे वळल्या. त्यांचा आवाज दुखावलेला होता. “बघ. आवड तू सुचवलीस, आणि मुलं तीन आठवड्यांत कुठे पोचली. तू मात्र एका बैठकीला आलीस. दुपारी तीन ते पाच असतेस कुठे तू?”

मौनीने तोंड उघडलं. ‘मी बांधलं’ एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द, तिच्या ऐपतीतले. पण ते म्हटले तर पुढचा प्रश्न होता, मग मंडळाने काय बांधलं? त्याचं उत्तर मिळायला मॅडमना एक मिनिट लागलं असतं आणि मंडळ गुंडाळायला दोन. मंडळ गेलं की पत्ता गेला. पत्ता गेला की खुर्च्या आल्या. काखेत फाइल धरलेला हा प्राणी तिच्या खोलीच्या दाराचा खांब होता, आणि तो हलवून चालणार नव्हतं.

“इकडेतिकडे,” ती म्हणाली.

“म्हणजे रस नाहीच.”

“नाही, मॅडम.”

कमिटीने मान खाली घातली. त्याला तिच्याबद्दल वाईट वाटत असावं. तो मनाचा वाईट नव्हता, फक्त त्याला वेळ नव्हता. मॅडमनी यादी तिच्यापुढे केली. सोमवारच्या आत दुसरी आवड, सहा हजेऱ्यांसकट, नाहीतर त्यांचाही नाइलाज होता. मौनीने एक्केचाळीस नावांवरून नजर फिरवली. दुपारी तीन ते पाच अडकवणारी छत्तीस होती. चार पहाटेची होती, त्यात पळावं लागे. उरली एक.

“वक्तृत्व,” ती म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. मग कमिटीकडे बघितलं. मग लिहून घेतलं.

वक्तृत्व मंडळ शनिवारी सकाळी भरायचं. त्यात सव्वीस सदस्य होते आणि सव्वीसही वक्ते. प्रत्येक भाषणाला मंडळाबाहेरचा नाहीतर न बोलणारा एक तरी श्रोता असावा, असा त्यांच्या नियमावलीत नियम होता, आणि तो पाळता न आल्यामुळे तीन आठवडे तिथे अधिकृतपणे एकही भाषण झालं नव्हतं. मौनी दारात उभी राहून म्हणाली, की तिला बोलायचं नाही, ऐकायचं आहे. सचिवाने तिला स्वतःची खुर्ची दिली. तिने ओळीने सहा भाषणं ऐकली, आणि दर भाषणाला एक अशा सहा हजेऱ्या सचिवाने तिच्या कागदावर मांडून दिल्या. पुढच्या शनिवारी नक्की यायचंय, असं त्याने दारापर्यंत येऊन विनवलं. सहावं भाषण श्रमप्रतिष्ठेवर होतं. ते चाललं असताना तिने मांडीवरच्या पिशवीत हात घालून नकाशासंग्रहाच्या दोऱ्याला मेण लावलं.

आईला तिने फोनवर सांगितलं. “वक्तृत्व? तू?” आई म्हणाली. मग तिने बाबांना हाक मारली, की ऐकलंत का, हिचा कसा विकास होतोय.

सोमवारी तीन वाजता मौनी तळघरात आली तेव्हा टेबलावर कमिटीची नवीन चिठ्ठी होती. तपासणीत मंडळाला विद्यापीठात पहिला क्रमांक मिळाला होता. आता आणखी एक रजिस्टर बांधून हवं होतं, आधीच्यासारखंच, फक्त शेऱ्याचा रकाना जरा रुंद. आत्ताचा अपुरा पडतो.

काकांनी पट्टी आणि पेन्सिल तिच्याकडे सरकवली. “किती रुंद?” त्यांनी विचारलं.

मौनीने विचार केला. “बोटभर वाढवू,” ती म्हणाली, “आणि त्याच्यापुढे सुरीसाठी समास ठेवू.”